तीनशे बारा काचा आणि एक पातेलं खळ

आमच्या शाळेत 1971 साली 312 काचा होत्या. मला स्वतःच्या लग्नाची तारीख एखादवेळी आठवायला लागते पण हा आकडा नाही, कारण त्या सगळ्या मी मोजल्यात, वही घेऊन, एकेक वर्ग करत, नाशिकच्या तिवंधा भागातल्या एका मैत्रिणीला बरोबर घेऊन. पाच फुटलेल्या होत्या त्या धरल्या नाहीत.

7 मे 2025 ला देशभर हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं ना, यादीत आपल्या नाशिकचं पण नाव होतं, तेव्हा नात विचारायला लागली की आजी तुमच्यावेळी, 71 च्या पाकिस्तान युद्धात, खरंच लाइट घालवायचे का, काचांना कागद लावायचे का. तिला सांगायला बसले आणि ती पाच मिनिटांनी मोबाईल घेऊन आत गेली, मग म्हणलं आता सुरू केलंच आहे तर लिहूनच काढावं. शाळेचं नाव लिहीत नाही, गावातली मुलींची शाळा एवढंच, नाशिकची जुनी माणसं ओळखतील त्यांनी ओळखावी.

मी तेव्हा अकरावीत होते. अकरावी म्हणजे मॅट्रिक, दहावीची एसएससी नंतर आली, आमच्यावेळी अकरावीलाच बोर्ड. जुलैमधे शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक व्हायची. त्याच वर्षी मार्चमधे इंदिराबाई गरिबी हटाव म्हणून निवडून आलेल्या त्यामुळे आमच्याकडे पण घोषणांची हौस फार, माझ्या विरोधात जी उभी होती तिने नाट्यछटा वगैरे करून भाषण ठोकलं, मी फक्त म्हणाले की मी आले तर खालच्या मजल्यावर अजून दोन माठ ठेवायला लावीन. माठावर निवडून आले. मुख्यमंत्री झाले. म्हणजे काय तर प्रार्थनेला पुढे उभं राहायचं, उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची, माठ भरलेत का बघायचं आणि मोठ्या बाईंनी बोलावलं की पळत जायचं. मोठ्या बाई म्हणजे हेडमिस्ट्रेस. त्यांना बघितलं की पालकसुद्धा पायरीवरून खाली उतरायचे.

पावसाळाभर निर्वासितांसाठी गोळा करणं चाललं होतं. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं इकडे आलेली, पेपरात रोज फोटो. आम्ही घरोघरी जुने कपडे मागायचो, वर्गावर्गात डबा फिरायचा. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपासून पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लागलं, शरणार्थी सहायता म्हणून. आमचे वडील नाशिकरोडला प्रेसमधे होते, देशभरची पोस्टाची तिकिटं तिथेच छापायचे, पण वडील घरी प्रेसबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. सुटताना गेटवर रोज झडती. त्या दिवसांत रात्री उशिरा यायला लागले एवढंच आम्हाला कळायचं आणि आई म्हणायची काम वाढलंय.

3 डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला, अमृतसर पठाणकोट श्रीनगर आग्रा असं करत, आणि मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. आमच्या वाड्यात एकच चांगला रेडिओ, माडीवरच्या काकांकडे, सगळा वाडा त्यांच्या जिन्यात बसलेला, थंडीने कुडकुडत. दुसऱ्या दिवशी शनिवार म्हणजे सकाळची शाळा. मला वाटलं सुट्टी मिळेल. कसली सुट्टी, मोठ्या बाई आमच्या आधी येऊन पटांगणात उभ्या होत्या.

नाशिकवर बॉम्ब पडणार की नाही यावर मधल्या सुट्टीत जोरात वाद. माझ्या वर्गातल्या एकीचं म्हणणं पहिला नंबर आपलाच. कारण ओझरला मिगचा कारखाना, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला नोटांची प्रेस, एकलहऱ्याला नवीन वीजघर. ती असं बोटांवर मोजून दाखवायची जणू स्थळांची यादी वाचतीये लग्नाच्या. दुसरी म्हणायची ते मुंबईवर टाकतील, नाशिकला कोण विचारतं. हे ऐकून पहिलीला फार अपमान वाटला.

सोमवारपासून सगळं सुरू झालं. पटांगणात खंदक, नागमोडी, नगरपालिकेची माणसं आणि बाजूच्या मुलांच्या शाळेतली एनसीसीची पोरं खणायला. ड्रिल शिकवायला एक होमगार्डचे गृहस्थ यायचे, खाकी हाफपँट, मोठा आवाज. भोंगा झाला की रांगेत उतरायचं, पालथं पडायचं, कोपरांवर भार, छाती जमिनीला टेकू द्यायची नाही, कानात कापूस आणि दातात रुमाल. आम्हा अकरावीच्या मुलींना गणवेशाची पांढरी साडी, निळे काठ. पहिल्याच ड्रिलला ते गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाले अहो बाई ह्या वरून बगळ्यांसारख्या दिसतील! मग घरून गडद चादरी आणायचं ठरलं, आणि नाशिकची काळी माती, डिसेंबर असला तरी खाली ओल, त्या साड्यांचं काय व्हायचं ते आयांना विचारा.

तिसऱ्या की चौथ्या ड्रिलला नववीच्या दोन मुली खंदकाच्या काठावर उभ्याच. उतरेनात. गृहस्थ ओरडतायत, भोंगा चालू, मागची रांग तुंबलेली. मी गेले धावत, तर एक रडकुंडीला येऊन कानात सांगते की ताई मला कावळा शिवलाय, घरी कळलं सगळ्यांना चिकटून झोपले तर आजी मारील. आता हे मी त्या गृहस्थांना काय सांगणार, मी पण सतरा वर्षांची, आमच्या घरी हा शब्द वडिलांसमोर कुणी काढत नव्हतं. मी नुसतीच म्हणाले, सर यांना बरं नाहीये. ते म्हणाले बॉम्बला काय त्याचं. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, काही विचारलं नाही, एकदा त्या दोघींकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "खंदकात कावळा कुणाला शिवत नाही ग, चला उतरा." सगळं पटांगण ऐकत होतं. होमगार्डचे गृहस्थ एकदम बुटाची नाडी बांधायला लागले. दुसऱ्या दिवशी त्या आजी शाळेत आल्या होत्या तक्रार घेऊन, ऑफिसमधे काय झालं माहीत नाही पण बाहेर पडताना डोक्यावरचा पदर सारखा नीट करत होत्या, आणि ती मुलगी नंतर ड्रिल चुकवायची नाही.

पण मला सांगायचंय ते काचांचं.

काचेवर फुलीसारख्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे धक्क्याने काच फुटली तर तुकडे उडत नाहीत. हे काम मंत्रिमंडळाकडे, म्हणजे माझ्याकडे. 312 काचा, प्रत्येकीला दोन तिरप्या पट्ट्या. खाकी कागद मेनरोडला शोधला, संपलेला, सगळं गाव तेच घेत होतं. वर्तमानपत्र ओलं झालं की हातात लगदा. शेवटी आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या जुन्या उत्तरपत्रिका घ्या, फुलस्केप जाड असतो. ऑफिसमधल्या भाऊसाहेबांनी कपाटाची किल्ली दिली आणि मी वरचेच गठ्ठे उचलले. जुन्या म्हणजे गेल्या वर्षीच्या, ते खालच्या फळीवर होते. वर होत्या त्या नुकत्याच झालेल्या सहामाहीच्या. मी बघितलं नाही. गठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं बरं का, मोठ्या अक्षरात, पण घाई होती आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा हुकूम सोडायची भारी चटक लागलेली, तू कात्री घे तू पट्ट्या मार तू पाणी आण, वाचायला वेळ कुणाला होता.

खळ शाळेतच केली. प्रत्येकीने मूठभर पीठ आणायचं. रेशनचे दिवस ते, कुणी मैदा आणला कुणी गव्हाचं कुणी सरळ ज्वारीचं, ते चिकटतंय कुठे, सगळं एकाच पातेल्यात. हौदामागे तीन दगडांची चूल, शाळेच्या मावशी ढवळायला, गुठळ्याच गुठळ्या. दोन दिवसांत 312 काचा झाल्या. मोठ्या बाईंनी फेरी मारली आणि फक्त "हं" म्हणाल्या, आणि त्यांचं हं म्हणजे आमच्याकडे पदक. मी त्या दिवशी घरी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

झालं काय, की निळी शाई ओल्या खळीने पसरून गेली, उत्तरं नावं सगळं धुऊन निघालं, पण बाईंची लाल पेन्सिल मेणाची! ती जशीच्या तशी. पट्ट्या वाळल्यावर काचांवर जागोजाग लाल आकडे दिसायला लागले. रोल नंबरला गोल, त्याखाली मार्क. दहावी ब च्या वर्गाची पहिली खिडकी बरोबर माठासमोर, मीच ठेवायला लावलेल्या माठांसमोर, म्हणजे अख्खी शाळा तिथे पाणी प्यायला उभी राहणार. त्या खिडकीत मधोमध 27, गोल केलेला, आणि खाली बीजगणित शंभरापैकी 11.

दोन दिवस पोरी पाणी प्यायच्या आणि खिदळायच्या. मला वाटलं आपल्या माठाला किती गर्दी.

तिसऱ्या दिवशी हजेरीचा तक्ता करताना दहावी ब मधे 27 नंबर सलग गैरहजर. कुणीतरी म्हणालं घाबरून गावी गेली असेल, खूपजण जात होते तसे. मग तिच्या बाकावरची म्हणाली, गावी कशाला जाईल, खिडकी बघितली नाही का तू. मी गेले, बघितली. काय वाटलं ते काय लिहू. पहिलं हेच वाटलं की मोठ्या बाईंना कळायच्या आत ही पट्टी काढली पाहिजे. मुलीचं नंतर सुचलं. हे आज लिहिताना पण बरं वाटत नाहीये.

नखाने पट्टी काढायला गेले तर अर्धी निघाली, खाली झुरळांनी खळ खाऊन टाकलेली, आणि मग लक्षात आलं की बऱ्याच पट्ट्या कडेने सुटल्यात. म्हणजे काम पण कच्चं आणि वर हे.

ती पंचवटीत राहायची. शाळा सुटल्यावर घरी जाऊन आईला खरं सांगितलं, आई म्हणाली मग जा की, मावशींना घेऊन जा. आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण झालेली, म्हणजे दिवे लागायचे नसलेली. युद्ध सुरू झालं तेव्हा नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली, पहिले दोनतीन दिवस सगळे चेष्टा करायचे की आपण दिवे घालवतोय आणि वर हा एवढा मोठा दिवा, त्याला कोण सांगणार. पण आता आठवडा झाला होता, चंद्र उशिरा उगवायचा, संध्याकाळी मिट्ट काळोख. पुलावरून जाताना खाली गंगा, म्हणजे आपली गोदावरी, दिसत नव्हती, नुसता आवाज आणि गारवा. सायकलवाले दिव्याला अर्धा काळा कागद लावून घंटी वाजवत जायचे. कुठल्या तरी माडीवर फटीतून उजेड दिसला की खालून वॉर्डन ओरडायचा दिवा घालवा, आणि वरून उलट ओरडणं, घालवलाय, देवाचा आहे!

त्यांचं घर म्हणजे एक लांबट खोली, खिडकीला गोधडी लावलेली आणि आत कंदील अगदी बारीक. सगळीकडे पतंग. संक्रांत महिन्यावर आलेली ना, हा त्यांचा धंदा. भिंतीला कामट्यांच्या जुड्या, दोरीवर वाळत घातलेले पतंग, जमिनीवर बसून आई कागद कापतीये, वडील कामट्या तासतायत आणि ही खळ लावतीये. मला बघून उठली नाही. आई म्हणाली बस बाई, चहा टाकते, मी नको नको म्हणत बसले. एकदम सांगून टाकलं, माझ्याकडून चूक झाली, मी गठ्ठे बघितले नाहीत, उद्या मी ती पट्टी काढते आणि तिथे माझ्या पेपरची लावते.

ती म्हणाली, "तुझे ऐंशी असतात ताई. ते लावून काय करू?"

मला बोलताच येईना. मावशी आपल्या चहा पितायत. मग ती बोटांची खळ फडक्याला पुसत म्हणाली, की पहाटे चारला उठून हे काम, मग शाळा, घरी आलं की परत हे, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत असंच असतं, बीजगणिताचं पुस्तक उघडायचं कधी, आणि आता तर रात्री उजेड पण करू देत नाहीत. ओरडून नाही, पतंगाचा भाव सांगावा तसं. आणि मग, कुणी न विचारता, "आणि तुमची खळ वाईट आहे. सुटणार ती सगळी. मोरचूद घातला नाही ना?"

मोरचूद म्हणजे काय मला माहीत नव्हतं. तिने फळीवरची डबी काढून दाखवली, निळेशार खडे, कंदिलात काचेसारखे. मैदा गार पाण्यात कालवून घ्यायचा, गुठळी मोडायची, मग मंद आचेवर एका दिशेने ढवळायचं, पारदर्शक व्हायला लागलं की उतरवायचं आणि चिमूटभर मोरचूद विरघळवून टाकायचा, झुरळ मुंगी शिवत नाही. हात मात्र लगेच धुवायचे, विषारी असतं. ज्वारीचं पीठ? ती हसली. त्या घरात गेल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हणाले तू येऊन करशील का. ती म्हणाली बघते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना आपणहून जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या पट्ट्या काढून काचा उघड्या ठेवता येणार नाहीत, आकडे दिसतात तेवढ्या एका दिवसात बदलायच्या, आणि मैद्याचे पैसे तुझ्याकडून. सव्वा रुपया की काय भरला मी, आईने दिला, पुढे कितीतरी वर्ष ऐकवला.

आणि ती आली. मधल्या सुट्टीत हौदामागे पदर खोचून उभी, पातेल्यात ढवळतीये आणि आमचं अख्खं मंत्रिमंडळ तिच्या हाताखाली. आरोग्यमंत्रिणीला तिने दोनदा परत हात धुवायला पाठवलं. माझ्याकडे आकडे शोधायचं काम दिलं, लाल दिसलं की पट्टी काढ, आणि त्या दिवशी मला कळलं की एकटी तीच नव्हती, काचांवर 14 पण होते 9 पण होते, एक शून्य पण होतं, फक्त ते माठासमोर नव्हते. 27 नंबरची पट्टी तिने स्वतः काढली. चुलीत टाकली. बघणाऱ्या बऱ्याच होत्या पण हसलं कुणी नाही, हातात तिचंच पातेलं होतं ना.

त्याच सुमारास आपल्या नेव्हीचं जहाज खुकरी बुडाल्याचं आलं. 9 डिसेंबरला दीवजवळ समुद्रात, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. आठवीतल्या एका मुलीचा मामा नेव्हीत होता, त्या जहाजावर नव्हता पण घरात पत्र नाही काही नाही, ती प्रार्थनेला डोळे मिटून उभी राहायची आणि प्रार्थना संपली तरी उघडायची नाही. तिला वर्गात नेऊन बसवायचं काम कुणी मला सांगितलं नव्हतं. पण रोज करायला लागले. पत्र जानेवारीत आलं.

16 तारखेला गुरुवारी ढाक्याला शरणागती. शरण आलेल्यांचा 93 हजार हा आकडा तर पोरं लगोरी खेळताना पण ओरडायची. दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले, होमगार्डचे गृहस्थ आले होते, त्यांना पण दिले, ते म्हणाले तुमच्या मुली शेवटी नीट पालथ्या पडायला लागल्या होत्या तर युद्धच संपलं. रात्री गावात दिवे लागले, आम्ही नुसतेच मेनरोडवरून फिरून आलो, काही घ्यायचं नव्हतं.

जानेवारीत संक्रांत झाली आणि मोठ्या बाईंनी बोलावलं. पट्ट्या काढा, वर्गात उजेड येत नाही. अकरावीची प्रिलिम तोंडावर, मला बीजगणिताचं नाही पण भूमितीचं टेन्शन होतंच, म्हणलं एका दिवसात उरकू. जुन्या खळीच्या पट्ट्या फुंकर मारल्यासारख्या निघाल्या. मोरचुदाच्या एक निघेना. गरम पाणी झालं, ओलं फडकं लावून ठेवणं झालं, वडिलांच्या दाढीची जुनी पाती झाली, दोघींची बोटं कापली, कागद निघायचा आणि खळ काचेवर फुलीसारखी तशीच. मंत्रिमंडळ माझ्यावर चिडलेलं. शेवटी दहावी ब मधे जाऊन तिलाच विचारलं, काय ग, आता हे काढायचं कसं.

तिने मान वर न करता वहीत गणित पुरं केलं आणि म्हणाली, "मी चिकटवायचं सांगितलं होतं ताई. काढायचं मला कुणी विचारलं नव्हतं."